गँग विंडोजवर, आपण लिनक्सवर: तरी एकत्र कसं खेळायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि ज्यांच्याकडे सातव्या जनरेशनचा आय फाइव्ह किंवा त्याहून जुनं काहीतरी आहे त्यांना विंडोज ११ सरळ मार्गाने मिळतच नाही, मग काय, बरेच जण लिनक्सकडे वळलेत. ब्राउझर चालतो, पिक्चर चालतात, मशीन आधीपेक्षा हलकं वाटतं, सगळं झकास. आणि मग रात्री ग्रूपवर मेसेज पडतो, "येतोस का रे, एक जण कमी पडतोय."

एकट्याने खेळायचं असेल तर लिनक्सवर आता फार अडत नाही, एक गेम नाही चालला तर दुसरा लावायचा. मित्रांबरोबर तसं नसतं. गेम गँग ठरवते, वेळ गँग ठरवते, आणि चार जण लॉबीत बसलेले असताना तुम्ही "थांबा जरा, ड्रायव्हर बघतोय" म्हणालात तर पहिल्या वेळी थांबतील, तिसऱ्या वेळी तुम्हाला बोलावणारच नाहीत. म्हणून हे जे खाली लिहिलंय ते सगळं एवढ्यासाठीच, की तुमच्यामुळे कोणाला थांबावं लागू नये.

आधी गँगची यादी काढा

कुठलं लिनक्स घेऊ हा प्रश्न नंतरचा. आधी मागच्या सहा महिन्यांत ग्रूपने खरंच काय खेळलंय ते कागदावर लिहा, "कधीतरी खेळू" वाले नाहीत, खरंच खेळलेले. मग प्रत्येक गेमसाठी दोन साइट बघायच्या. एक प्रोटॉनडीबी, जिथे लोकांनी स्वतःच्या मशीनवर तो गेम कसा चालला ते लिहिलेलं असतं, आणि दुसरी आर वी अँटीचीट येट, जिथे फक्त अँटीचीटवाल्या, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर असलेल्या, गेमचा हिशोब आहे. दुसरी साइट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची, कारण प्रोटॉनडीबीवर गेमला गोल्ड नाहीतर प्लॅटिनम दिसतो आणि माणूस खूश होतो, पण तो शेरा बऱ्याचदा एकट्याने खेळणाऱ्यांचा असतो. जीटीए फाइव्हचंच बघा, स्टोरी मोड लिनक्सवर मस्त चालतो, पण सप्टेंबर २०२४ मध्ये रॉकस्टारने ऑनलाइनला बॅटलआय नावाचं अँटीचीट बसवलं आणि लिनक्सवाल्यांसाठी ऑनलाइनचा दरवाजा बंद झाला. म्हणून तिथे शेरा बघू नका, खाली जाऊन ताज्या कमेंट वाचा आणि त्यात मल्टिप्लेअरबद्दल काय लिहिलंय ते शोधा.

हे असं का होतं ते थोडक्यात सांगतो म्हणजे नंतर वाद घालायला बरं. विंडोजचे गेम लिनक्सवर चालतात ते प्रोटॉनमुळे, जो व्हॉल्व्हने, म्हणजे स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या कंपनीने, ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीमच्या आतच दिला. त्याच्या पोटात विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन आहे जे १९९३ पासून चालू असलेलं काम आहे, आणि डीएक्सव्हीके नावाचा एक थर आहे जो डायरेक्टएक्सची, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सची, भाषा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलून देतो. गेमला वाटतं आपण विंडोजवरच आहोत. पण कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, बसणारं अँटीचीट थेट विंडोजच्या कर्नलमध्ये शिरतं, आणि इथे विंडोजचं कर्नल मुळात नाहीच, मग ते शिरणार कुठे. त्यातही ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१ मध्येच प्रोटॉनला सपोर्ट दिलाय, फक्त तो चालू करायचा की नाही हे गेम बनवणाऱ्या कंपनीच्या हातात ठेवलंय. त्यामुळे ईझी अँटीचीट असूनही एल्डन रिंगचं ऑनलाइन लिनक्सवर चालतं आणि तेच अँटीचीट असलेलं फोर्टनाइट चालत नाही, रस्टच्या अँटीचीटवाल्या सर्व्हरवर पण जाता येत नाही. तंत्र तेच, मर्जी वेगळी.

तर, जे चालणार नाही ते आधी ऐकून घ्या. व्हॅलोरंट नाही. लीग ऑफ लेजंड्स २०२४ मध्ये व्हॅनगार्ड हे अँटीचीट आल्यापासून नाही. फोर्टनाइट नाही, पब्जीचं पीसी व्हर्जन नाही, रेनबो सिक्स सीज नाही, वॉरझोन नाही, बॅटलफील्ड ६ नाही. एपेक्स लेजंड्स आधी छान चालायचं, ३१ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी लिनक्सच बंद केलं. डेस्टिनी २ तर चालवायचा प्रयत्न केलात तर बॅन करू असं तो गेम बनवणाऱ्या बंजीने स्वतःच लिहून ठेवलंय, तेव्हा यूट्यूबवर कोणी "व्हर्च्युअल मशीन टाकून चालव भावा" सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका, अकाउंट तुमचं जाणार, त्याचं नाही.

आणि जे चालतं ती यादी बरीच मोठी आहे हो. काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ तर लिनक्ससाठीच बनवलेलं व्हर्जन देतात. लेफ्ट फॉर डेड २, टीम फोर्ट्रेस २, टेरारिया, स्टारड्यू व्हॅली, फॅक्टोरिओ, व्हॅलहाइम हे पण तसेच. प्रोटॉनमधून हेलडायव्हर्स २, मार्व्हल रायव्हल्स, डीप रॉक गॅलॅक्टिक, लीथल कंपनी, अमंग अस, एज ऑफ एम्पायर्स २ चं डेफिनिटिव्ह एडिशन. हॉस्टेलच्या दिवसांतलं सीएस १.६ सुद्धा स्टीमवर २०१३ पासून लिनक्ससाठी आहे. तुमच्या कागदावरचे बहुतेक गेम या बाजूला असतील तर पुढे वाचा. सगळे व्हॅलोरंटवाले असतील तर पुढचा परिच्छेद वाचून निर्णय घ्या, उगाच स्वतःला फसवू नका.

विंडोज पूर्ण उडवायचं नसेल तर

एखादाच गेम अडत असेल तर ड्युअल बूट ठेवा, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, त्यात लाज कसली. पण एकाच डिस्कचे तुकडे पाडून दोन्ही बसवण्यापेक्षा लिनक्ससाठी वेगळी छोटी एसएसडी घ्या, २४० किंवा २५६ जीबीची पण चालेल सुरुवातीला, कारण विंडोजचं मोठं अपडेट आलं की ते कधीकधी बूटच्या क्रमात लुडबुड करतं आणि डिस्क वेगळी असली की निस्तरायला सोपं जातं. लिनक्स टाकताना बरेच जण बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे मशीन चालू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर लोड होऊ देणारी सोय, बंद करतात. बंद केलंत तर विंडोज ११ वर व्हॅलोरंट एरर देऊन उघडणारच नाही, त्याला सिक्युअर बूट आणि टीपीएम ही सुरक्षेची चिप दोन्ही लागतं. मिंट, उबुंटू, फेडोरा हे लिनक्सचे प्रकार सिक्युअर बूट चालू ठेवून बसतात. फक्त एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला लावतात, मग रीस्टार्टला निळा स्क्रीन येतो, तिथे एनरोल मॉक निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो स्क्रीन बघून घाबरून कंटिन्यू दाबणारे खूप, मग ड्रायव्हर लोड होत नाही आणि लिनक्सला शिव्या.

दुसरी गंमत घड्याळाची. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच लोकल वेळ समजतं, त्यामुळे लिनक्सवरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे. वेळ चुकली की लॉगिन होत नाही, सर्टिफिकेटच्या एरर येतात, आणि माणूस नेटला दोष देत बसतो. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये सिंक नाऊ दाबलं की तेवढ्यापुरतं जागेवर येतं, आणि कायमचं करायचं तर लिनक्सला मदरबोर्डचं घड्याळ लोकल टाइमवर ठेवायला सांगायचं, एका ओळीची कमांड आहे, शोधलीत की लगेच मिळेल.

कुठलं लिनक्स, कुठला ड्रायव्हर

यावर लोक रात्र रात्र भांडतात. माझं मत विचाराल तर दोनच नावं. मशीनवर अभ्यास, ऑफिसचं काम, बाकी सगळं पण करायचं असेल तर मिंट. मशीन मुख्यतः खेळायलाच असेल तर बझाइट, ते डाउनलोड करतानाच तुमचं ग्राफिक्स कार्ड कुठलं ते विचारतं आणि त्याप्रमाणे तयार फाइल देतं, स्टीम आतच असतं, आणि सिस्टिमचा मूळ भाग तुम्हाला सहजासहजी मोडताच येत नाही. आर्च वगैरे एक वर्षाने बघा. उबुंटू घेतलंत तर एक सांगतो, तिथल्या सॉफ्टवेअर सेंटरमधून स्टीम घेतलं की स्नॅप नावाच्या उबुंटूच्या वेगळ्या पॅकेजवालं येतं आणि ते विचित्र वागतं, त्यापेक्षा स्टीमच्या साइटवरून डेब, म्हणजे इन्स्टॉलची फाइल उतरवा.

एएमडी किंवा इंटेल ग्राफिक्स असेल तर वेगळा ड्रायव्हर टाकायची भानगडच नाही, कर्नलमध्ये आणि मेसा नावाच्या ग्राफिक्सच्या भागात सगळं आधीच आहे. एनव्हिडिया असेल तर मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून रेकमेंडेड लिहिलेला निवडा, एनव्हिडियाच्या साइटवरून फाइल आणून बसवायला जाऊ नका, तो विंडोजचा रिवाज इथे चालत नाही. जीटीएक्स १०५० किंवा १०६० वाल्यांनी लक्षात ठेवा, तुमच्या कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे, त्यापुढचा नंबर दिसला म्हणून उडी मारू नका.

आता जरा कडू बातमी. आपल्याकडे जीटी ७१० आणि जीटी ७३० वाली मशीनं अजून ढिगाने आहेत, आणि लोकांना वाटतं लिनक्स हलकं आहे म्हणजे त्यावर जास्त गेम चालतील. उलट आहे. त्या कार्डांचा ड्रायव्हर फार तर ४७० वर थांबलाय, त्यात व्हल्कन १.२ पर्यंतच येतं, आणि डीएक्सव्हीकेच्या २.० पासून पुढच्या व्हर्जनना १.३ लागतं. म्हणजे जे विंडोजवर रडतखडत का होईना चालत होतं ते नव्या प्रोटॉनवर उघडणारच नाही. अशा मशीनवर सीएस १.६, टेरारिया, जुन्या माइनक्राफ्ट जावाची व्हर्जन्स असं लिनक्सचं स्वतःचं काहीतरी खेळा. इंटेलच्या नुसत्या आतल्या ग्राफिक्सवर असाल तर साधारण सहाव्या जनरेशनपासून पुढे प्रोटॉन ठीक चालतो, चौथ्या जनरेशनवर आशा धरू नका.

स्टीममध्ये काय करायचं

लॉगिन करा, गेम इन्स्टॉल करा, प्ले दाबा. खरंच एवढंच. आधी सेटिंगमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन खूण करावी लागायची, नव्या स्टीममध्ये ते चालूच असतं.

पण मित्रांबरोबर खेळताना एक गोष्ट कोणी सांगत नाही. गेमचं लिनक्स व्हर्जन असलं तरी ते घेणं दर वेळी शहाणपणाचं नसतं. काही कंपन्यांनी लिनक्सचं काम बाहेरच्या कंपनीला दिलेलं असतं, विंडोजला अपडेट येतं आणि लिनक्सचं मागे राहतं, मग तुमचं आणि मित्रांचं व्हर्जन जुळत नाही आणि लॉबीच दिसत नाही. सिव्हिलायझेशन ६ मध्ये हे खूप जणांना भोवलंय, बॉर्डरलँड्स २ चं लिनक्स व्हर्जन पण जुन्यावरच अडकलंय. उपाय सोपा, लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, आणि तिथे प्रोटॉनचं व्हर्जन जबरदस्तीने निवडायचं, मग स्टीम विंडोजच्याच फाइली आणतं आणि तुम्ही मित्रांच्या रांगेत. डाउनलोड पुन्हा होतं, म्हणून हे दुपारीच करून ठेवा. आणि जुने सेव्ह असतील तर ते आधी कुठेतरी कॉपी करा, दोन्ही व्हर्जन सेव्ह वेगवेगळ्या जागी ठेवतात.

डाउनलोडवरून आठवलं. विंडोजच्या डी ड्राइव्हवर ८० जीबीचा गेम आधीच पडलाय, तोच फोल्डर लिनक्सच्या स्टीमला दाखवू, असं प्रत्येकाच्या मनात येतं. नका करू. तो ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचा असतो, प्रोटॉनला लागणाऱ्या काही फाइली त्यावर नीट बसत नाहीत, आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर लिनक्सला तो ड्राइव्ह फक्त वाचायला मिळतो, लिहायला नाही. आज चालेल, आठवड्याने कारण नसताना क्रॅश होईल. त्यापेक्षा गेमचा फोल्डर लिनक्सच्या डिस्कवर स्टीमच्या कॉमन फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मग इन्स्टॉल दाबा, स्टीम असलेल्या फाइली तपासून घेतं आणि जे कमी आहे तेवढंच उतरवतं. किंवा मित्राच्या घरी मशीन घेऊन जा, २०२३ पासून स्टीम एकाच नेटवर्कवरच्या दुसऱ्या पीसीवरून गेम ओढू शकतं, मित्राचा पीसी विंडोज असला तरी चालतं, फक्त त्याने त्याच्या डाउनलोडच्या सेटिंगमध्ये मित्रांना परवानगी द्यायला हवी. ज्यांच्या नेटला महिन्याची लिमिट आहे त्यांनी हे नक्की करा.

पहिल्यांदा गेम लावला की व्हल्कन शेडर्स प्रोसेस होतायत अशी पट्टी येते, कधी दोन मिनिटं, कधी चहा पिऊन होतो. स्किप करता येतं, पण मग पहिले काही राउंड मध्येमध्ये अडकतं, आणि काउंटर स्ट्राइकमध्ये अडकणं म्हणजे मरणं. म्हणून नवा गेम ठरला की तासभर आधी एकदा उघडून मेनूपर्यंत जाऊन या.

एपिकवर फुकट गोळा केलेले गेम असतात सगळ्यांकडेच, त्यासाठी हिरोइक लाँचर टाका, एपिक, जीओजी आणि अमेझॉन तिन्ही अकाउंट त्यात लागतात. आत प्रत्येक गेमच्या सेटिंगमध्ये ईझी अँटीचीट आणि बॅटलआयच्या रनटाइमचे बटण असतात, ऑनलाइन खेळायचं असेल तर ते चालू आहेत ना बघा. माइनक्राफ्ट जावा असेल तर प्रिझम लाँचर, बास, विंडोजपेक्षा बरं. अर्धी गँग फोनवर बेडरॉक, म्हणजे माइनक्राफ्टचं दुसरं व्हर्जन, खेळत असेल तर ते जावाच्या सर्व्हरवर सरळ येऊ शकत नाहीत, सर्व्हरवर गीझर नावाचा प्लगइन टाकला की फोनवाले पण येतात, आणि सर्व्हर चालवायला लिनक्सचं मशीन असणं ही उलट तुमचीच जमेची बाजू.

आवाज, नाहीतर सगळं व्यर्थ

गेम चालला, पण माइक नाही चालला तर खेळण्यात काय मजा. डिस्कॉर्ड लिनक्सवर आहे, डेब पण मिळतं आणि फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणारं पॅकेज, पण. डेबवालं अधूनमधून "नवं व्हर्जन उतरवा" म्हणून अडून बसतं आणि हे नेमकं खेळायच्या वेळेला होतं, म्हणून मी फ्लॅटपॅक सांगतो, ते बाकीच्या अपडेटबरोबर होऊन जातं. स्क्रीन शेअर करताना गेमचा आवाज पलीकडे न जाणं हे लिनक्सचं जुनं दुखणं होतं, २०२५ च्या सुरुवातीला डिस्कॉर्डने ते नीट केलं, तेव्हा कोणी जुनी पोस्ट दाखवून घाबरवत असेल तर दुर्लक्ष करा.

अजूनही त्रास देणारी गोष्ट म्हणजे पुश टू टॉक, बटण दाबून बोलणं. वेलँडवर, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या लिनक्सच्या नव्या पद्धतीत, एक ॲप दुसऱ्या ॲपच्या नकळत कीबोर्ड वाचू शकत नाही, सुरक्षेसाठी चांगलंच आहे ते, पण त्यामुळे तुम्ही गेममध्ये असताना दाबलेलं बटण डिस्कॉर्डपर्यंत बऱ्याचदा पोचतच नाही आणि तुम्ही एकटेच ओरडत बसता, "मागे आहे, मागे आहे!" मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप अजून एक्स११ या जुन्या पद्धतीवरच चालतो म्हणून तिथे अडचण नाही. केडीई डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये जुन्या एक्स११ ॲपना कीबोर्ड वाचू द्यायचा पर्याय आहे, तो चालू करा. नाहीच जमलं तर व्हॉइस ॲक्टिव्हिटीवर ठेवा, किंवा गेमचाच व्हॉइस चॅट वापरा, तिथे हा प्रश्न येत नाही.

व्हॉइस ॲक्टिव्हिटीवर ठेवलंत की वरचा पंखा ऐकू जातो. ईझीइफेक्ट्स नावाचं छोटं ॲप घ्या, माइकच्या बाजूला नॉइज रिडक्शन लावा, पंखा, कुकरची शिट्टी, शेजारच्यांची मिक्सी बऱ्यापैकी गायब. आणि ब्लूटूथ हेडफोनवाल्यांसाठी, माइक चालू झाला की गेमचा आवाज एकदम टेलिफोनसारखा चपटा का होतो, तर ब्लूटूथ हेडसेट मोडवर जातं म्हणून, हे विंडोजवर पण होतं. साउंड सेटिंगमध्ये हेडफोनचं प्रोफाइल ए२डीपी ठेवा आणि डिस्कॉर्डमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा आतला माइक निवडा. त्याहून चांगलं म्हणजे वायरवाला हेडफोन, ब्लूटूथला जो उशीर लागतो तो पण जातो.

घरचा सर्व्हर, लॅन आणि ते न उघडणारे पोर्ट

टेरारिया, माइनक्राफ्ट, फॅक्टोरिओ असं स्वतः होस्ट करून खेळायचं असेल तर जुने गाइड सांगतात राउटरमध्ये पोर्ट उघडा, माइनक्राफ्टला २५५६५, टेरारियाला ७७७७. करून बघा, पण आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर आणि जवळजवळ सगळ्या मोबाइल नेटवर सीजीनॅट असतं, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पब्लिक आयपी, त्यामुळे तुमच्या राउटरमध्ये काहीही उघडलंत तरी बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोचत नाही. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी आणि गूगलवर माय आयपी शोधल्यावर दिसणारा आयपी वेगळे असतील तर समजून जा.

इथे विंडोजवाली गँग रॅडमिन व्हीपीएन, म्हणजे दूरची मशीनं एकाच घरच्या नेटवर्कसारखी जोडणारं ॲप, सुचवणार, आणि ते लिनक्सवर येतच नाही. त्यांना आधीच सांगा की झिरोटिअर किंवा टेलस्केल घ्या, दोन्ही सगळ्यांवर चालतात, फोनवर पण. दोघांत फरक आहे हं. झिरोटिअर सगळ्यांना एकाच लॅन स्विचला जोडल्यासारखं करतं, त्यामुळे जे जुने गेम लॅनच्या यादीत स्वतःहून सर्व्हर शोधतात ते त्यावर दिसतात. टेलस्केल लावायला जास्त सोपं, पण ते शोधाशोधीचं ब्रॉडकास्ट पुढे पाठवत नाही, म्हणून तिथे होस्टचा आयपी हाताने टाकावा लागतो. माइनक्राफ्टला टेलस्केल, जुन्या लॅनवाल्या गेमला झिरोटिअर. मिंटमध्ये फायरवॉल मुळात बंद असते, तुम्ही चालू केली असेल तर त्या गेमचा पोर्ट तिथे सोडायला विसरू नका.

एका खोलीत चार-पाच लॅपटॉप जमणार असतील आणि कोणाचं मशीन दणकट नसेल तर फुकटचे ओपन सोर्स गेम बघा, यांना कमी लेखतात लोक. सुपरटक्सकार्ट पाच मिनिटांत सगळ्यांकडे बसतं आणि पहिल्या रेसनंतर आरडाओरडा सुरू. एज ऑफ एम्पायर्सची चटक असेल तर झिरो एडी, त्यात मौर्य साम्राज्य पण खेळता येतं, हत्तींसकट. माइनक्राफ्टसारखं हवं तर लुआंटी, ज्याचं नाव २०२४ पर्यंत माइनटेस्ट होतं, ते अँड्रॉइडवर पण चालतं. फक्त एकच पथ्य, सगळ्यांचं व्हर्जन सारखं पाहिजे, आणि तुमच्या लिनक्सच्या स्वतःच्या भांडारात बऱ्याचदा जुनं पडून असतं तर विंडोजवाले मित्र साइटवरून ताजं घेतात, म्हणून तुम्ही फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या दुकानातलं घ्या.

एकाकडेच गेम आहे आणि तो एकाच स्क्रीनवर मिळून खेळायचा आहे, असं असेल तर स्टीमचं रिमोट प्ले टुगेदर. एकाने होस्ट करायचं, बाकीच्यांकडे गेम असायची गरज नाही, त्यांच्याकडे फक्त व्हिडिओ जातो आणि बटणं परत येतात. होस्टचं अपलोड चांगलं लागतं. वेलँडवर होस्ट केलं की कधीकधी पलीकडे काळा स्क्रीन जातो, तेव्हा हट्ट न करता विंडोजवाल्या मित्राला होस्ट करू द्या आणि तुम्ही पाहुणे व्हा. कंट्रोलरचं म्हणाल तर प्लेस्टेशनचे आणि वायरवाले एक्सबॉक्सचे लावले की चालतात, स्वस्तातल्या लोकल पॅडला मागे किंवा मध्ये मोडचं बटण असतं, ते एक्स इनपुटवर ठेवा.

मॉड, म्हणजे लोकांनी बनवलेले गेममधले बदल, लावून खेळणारी गँग असेल, लीथल कंपनीवाले तर असतातच, तर आरटूमॉडमॅन हे मॉड सांभाळणारं ॲप लिनक्सवर आहे. मित्राकडून प्रोफाइलचा कोड घ्यायचा, इम्पोर्ट करायचा, सगळे मॉड त्याच व्हर्जनचे येतात. प्रोटॉनच्या गेमला मात्र स्टीमच्या लाँच ऑप्शन्समध्ये एक ओळ टाकावी लागते, ती ओळ आरटूमॉडमॅन स्वतःच दाखवतं, जशीच्या तशी चिकटवा, नाहीतर गेम उघडतो पण मॉड एकही नाही आणि तुम्ही एकटेच वेगळ्या दुनियेत.

आणि एवढं करूनही दहा वाजता गेम उघडलाच नाही, ग्रूपवर "कुठे आहेस" सुरू झालं, तर घाईघाईत गूगल करून कुठल्यातरी कमांडा चिकटवू नका. हा क्रम धरा. आधी स्टीम पूर्ण बंद करून परत उघडा. मग कंपॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉनचं व्हर्जन बदला, ठरलेल्या व्हर्जनऐवजी एक्सपेरिमेंटल, तेही नाही तर प्रोटॉनअप क्यूटी नावाच्या ॲपमधून जीई प्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचं लोकांनी सुधारलेलं रूप, आणून ते लावा, हे ॲप आधीच टाकून ठेवलेलं बरं. मग गेमच्या फाइली व्हेरिफाय करा. त्याच दिवशी सिस्टिम अपडेट केली असेल आणि एनव्हिडिया असेल तर रीस्टार्ट केलंय का ते बघा, निम्म्या वेळा तेवढंच असतं. मिंटवर टाइमशिफ्ट लावून ठेवलं असेल तर कालच्या स्थितीला परत जाता येतं, बझाइटवर बूट होताना मेनूतूनच मागचं व्हर्जन निवडता येतं. सगळ्यात शेवटी स्टीमच्या कॉम्पॅटडेटातला त्या गेमचा, म्हणजे प्रोटॉनने त्याच्यासाठी बनवलेल्या नकली विंडोजचा, फोल्डर उडवायचा, तो स्टीम नवा बनवतं, पण क्लाउड सेव्ह नसलेल्या गेमचे सेव्ह त्यातच असतात, तेव्हा उडवण्याआधी कॉपी. एवढ्यात वीस मिनिटं गेली असतील तर ग्रूपला सांगा "आज सीएस लावा", ते चालतंच, आणि बाकीचं उद्या दुपारी बघा. आणि हो, शुक्रवारी संध्याकाळी अपडेट मारू नका, रविवारी रात्री खेळून झाल्यावर मारा.